नववीची अंकसूची आणि पुढची मोठी महाविद्यालये





अर्धवार्षिक परीक्षेचे निकाल लागले की माझ्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर गर्दी होते. या वेळी एक वडील आले ते मुलाची नववीची अंकसूची घडी करून हातात धरूनच. गणितात ३८, विज्ञानात ४१. त्यांनी एकच विचारले, "सर, आता याचं आयआयटी, दिल्ली विद्यापीठ वगैरे सगळं संपलंच ना?" मुलगा दाराशी उभा राहून बुटांकडे पाहत होता. त्याच आठवड्यात विश्वस्त मंडळाच्या बैठकीत विषय निघाला, की नववी-दहावीत ६० टक्क्यांच्या खाली असणाऱ्यांना आपण अकरावीत गणित किंवा जीवशास्त्र द्यावेच का? दोन्ही ठिकाणी मी थोडक्यात उत्तर दिले होते. इथे जरा सविस्तर लिहितो.

आधी नियम पाहू. नववी आणि अकरावी या आपल्या शाळेच्या अंतर्गत परीक्षा. आयआयटी, एनआयटी, सरकारी वैद्यकीय महाविद्यालये किंवा दिल्ली विद्यापीठ, यांपैकी कोणीही प्रवेशाची गुणवत्ता यादी लावताना या दोन वर्षांचे अंक धरत नाही. २०२१ पर्यंत दिल्ली विद्यापीठात बारावीच्या टक्क्यांवर कट-ऑफ लागत असे आणि त्या वर्षी काही महाविद्यालयांत तो चक्क १०० टक्क्यांवर गेला होता. २०२२ पासून तिथे सीयूईटी या प्रवेश परीक्षेच्या अंकांवर यादी लागते. बारावी उत्तीर्ण असावे लागते आणि दोघांचे अंक सारखे आले तर बारावीचे अंक पाहिले जातात. आपल्या इंदूरच्या देवी अहिल्या विश्वविद्यालयानेही आपल्या शिक्षण विभागांतील बऱ्याच अभ्यासक्रमांसाठी हीच परीक्षा घेतली आहे. म्हणजे नववीत ३८ अंक आणलेल्या मुलाला तीन वर्षांनी पाटी कोरी मिळते. होळकर विज्ञान महाविद्यालयात मात्र प्रवेश बारावीच्या टक्क्यांवरच होतो, हे ध्यानात असावे.

जेईईचे थोडे वेगळे आहे. २०१३ ते २०१६ या काळात एनआयटीच्या क्रमवारीत बारावीच्या अंकांना ४० टक्के वजन होते. २०१७ पासून ते गेले. तरी एक उंबरठा आहेच: आयआयटी-एनआयटीत शिरायला बारावीत ७५ टक्के, म्हणजे ५०० पैकी ३७५ हवेत (अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांना ६५ टक्के), किंवा आपल्या मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये यावे लागते. कोरोनाच्या काळात ही अट शिथिल होती, २०२३ पासून पुन्हा लागू झाली. कोचिंगच्या नादात इंग्रजी आणि हिंदीची पुस्तके न उघडणारी मुले इथेच अडखळतात. क्रमांक चांगला आणि बारावीला ७१ टक्के, असे प्रकरण माझ्यासमोर आले आहे. त्या घरात त्या दिवशी जेवण झाले नव्हते.

आता खरी गोष्ट सांगतो. अकरावीचे अंक कोणी मागत नाही, पण अकरावीचे धडे सगळे मागतात. जेईई आणि नीट या दोन्ही परीक्षांचा अभ्यासक्रम अकरावी-बारावी मिळून आहे. मोल संकल्पना अकरावीत कच्ची राहिली तर बारावीचे द्रावण आणि विद्युत रसायन पुढे सरकत नाही. सदिश आणि न्यूटनचे नियम आले नाहीत तर स्थिरविद्युतातला बलांचा पहिलाच सवाल अडतो. आणि नववीतल्या बहुपदी व निर्देशांक भूमितीवर अकरावीचे निम्मे गणित उभे आहे. सीयूईटीचे विषयवार पेपर बहुतांशी बारावीवर असतात, म्हणून तिथे उशिरा जागे झालेल्याला थोडी जास्त सवलत मिळते. तरी बरोबर उत्तराला ५ आणि चुकीच्या उत्तराला उणे १ असल्याने अंदाजपंचे चालत नाही.

म्हणून वडिलांना मी म्हणालो, ३८ हा आकडा विसरा; हे ६२ अंक कुठे गेले ते उत्तरपत्रिकेत शोधू. आम्ही तिघे बसलो. निम्मे अंक एकाच जागी गेले होते: शाब्दिक उदाहरणे. मुलाला रीत येत होती, प्रश्न काय विचारतोय हेच कळत नव्हते. आठवीपर्यंत तो दुसऱ्या माध्यमात होता. हे दुखणे माझ्या ओळखीचे आहे. घरी मराठी आणि पुढे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून, त्यामुळे नववीच्या तिमाहीला मीही गणितात २९ वर होतो. मला 'काटकोन त्रिकोण' ठाऊक होता, पेपरात 'समकोण त्रिभुज' आला. 'अपूर्णांक' येत होते, 'भिन्न' म्हणजे काय ते कळेना. एका वहीत दोन उभे रकाने आखून मी शब्द लिहीत गेलो, तेव्हा कुठे वार्षिक परीक्षेपर्यंत गाडी रुळावर आली. या मुलालाही तशीच वही करायला सांगितली आहे. (भाषेचाच विषय आहे म्हणून: जेईईची प्रश्नपत्रिका मराठीतूनही निघते, पण ती महाराष्ट्रातील केंद्रांवर. आपल्या मुलांनी हिंदी किंवा इंग्रजी हे आधीच ठरवून त्याच भाषेत सराव करावा.)

त्याच वडिलांचा दुसरा विचार होता डमी प्रवेशाचा. नाव एका शाळेत, मूल दिवसभर कोचिंगमध्ये. मागे पडलेल्या मुलासाठी हा सर्वांत वाईट उपाय आहे असे माझे स्पष्ट मत आहे. कोचिंगचा वर्ग पुढच्या बाकांच्या गतीने धावतो. तिथे नववीचा बहुपदी कोण थांबून शिकवणार? शिवाय हजेरीचा आणि प्रात्यक्षिकांचा प्रश्न राहतोच.

दहावीबद्दल खोटा दिलासा मी देणार नाही. ती अंकसूची आयुष्यभर फाइलमध्ये राहते. पुढे अनेक आयआयएम मुलाखतीला बोलावताना दहावी-बारावीच्या अंकांनाही वजन देतात, आणि महाविद्यालयात नोकरीसाठी येणाऱ्या काही कंपन्या दोन्हीकडे ६० टक्क्यांची अट घालतात. अमेरिकेत अर्ज करणाऱ्यांना तर नववीपासून चारही वर्षांचे अंक पाठवावे लागतात. तिथे चढता आलेख पाहिला जातो, पडझडीचे कारण लिहायला जागाही असते, आणि शाळेचे पत्र मलाच लिहावे लागते. घरात आजारपण किंवा बदली असेल तर त्याच वर्षी कळवा. तीन वर्षांनी आठवून लिहिलेल्या कारणात जोर राहत नाही.

एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा देण्याविषयीही विचारतात. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते. नीटला अशी मर्यादा नाही. पहिल्या वेळी अकरावीचा भाग सुटला म्हणून मागे पडलेल्याला ते वर्ष उपयोगी पडते. ज्याला विषयच आवडत नाही, त्याचे ते वाया जाते.

विश्वस्त मंडळींना माझी विनंती अशी, की ६० टक्क्यांची भिंत आपण घालू नये. त्याऐवजी दहावीच्या निकालानंतर अकरावी सुरू होईपर्यंत पायाभूत गणिताचा वर्ग चालवू द्यावा, आणि त्या वर्गाच्या शेवटी शिक्षक, पालक व विद्यार्थी मिळून शाखा ठरवावी. दोन शिक्षकांचे मानधन आणि एक खोली, एवढाच खर्च आहे. प्रस्ताव पुढच्या बैठकीत ठेवतो आहे.

नववी आणि अकरावीच्या पालकांसाठी मी दर शनिवारी मधल्या सुट्टीनंतर कार्यालयात असतो. येताना नुसती अंकसूची नको, तपासलेल्या उत्तरपत्रिका आणाव्यात. आणि मुलालाही सोबत आणावे, दाराशी उभे न करता.

आपला,
प्राचार्य