शरमेपायी मुदत हुकू नये

सराव करून घरी आलेल्या खेळाडूच्या मोबाइलवर एक ईमेल येतो. राष्ट्रीय उत्तेजक द्रव्यविरोधी संस्थेचा, म्हणजेच ‘नाडा’चा. लघवीच्या नमुन्यात बंदी असलेले द्रव्य सापडले आहे, असे त्यात म्हटलेले असते. भाषा इंग्रजी आणि कायद्याची. गावच्या तालमीत घडलेल्या पैलवानाला किंवा शेतकऱ्याच्या धावपटू मुलीला त्यातले एकच कळते, आता सगळे संपले. मग ती गोष्ट दडवली जाते. वस्तादांना तोंड दाखवायचे नाही, घरी सांगायचे नाही, फोन उचलायचा नाही.

खरे नुकसान इथेच होते, कारण कायदा शरमेसाठी थांबत नाही. आरोपाची नोटीस मिळाल्यापासून २० दिवसांत चूक कबूल करून शिक्षा मान्य केली, तर चार वर्षांच्या बंदीतले एक वर्ष कमी होऊ शकते. आरोप मान्य नसेल तर सुनावणीही मुदतीतच मागावी लागते. उत्तरच दिले नाही, तर सुनावणीचा हक्क सोडला असे धरले जाते. गप्प बसलेला खेळाडू अशा प्रकारे आपल्याच हाताने दोन्ही दारे बंद करतो.

या नियमांचा पाया कडक आहे. शरीरात द्रव्य सापडले की जबाबदारी खेळाडूची. ते कसे गेले, मुद्दाम की नकळत, हा पुढचा प्रश्न असतो. शिक्षेची लांबी मात्र त्याच उत्तरावर ठरते. २०१७ मध्ये क्रिकेटपटू युसूफ पठाणच्या आणि २०१९ मध्ये मुंबईच्या पृथ्वी शॉच्या नमुन्यात टर्ब्युटालिन सापडले. खोकल्याच्या औषधात असते ते. नकळत घेतल्याचे दोघांचे म्हणणे क्रिकेट मंडळाने मान्य केले. पठाणला पाच महिन्यांची आणि शॉला आठ महिन्यांची बंदी झाली. बंदी संपताच शॉ मुंबईकडून खेळला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये भारताच्या वनडे संघातही आला.

प्रत्येकाचे म्हणणे मान्य होतेच असे नाही. सलग तीनदा महाराष्ट्र केसरी ठरलेला नरसिंग यादव २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकच्या तोंडावर चाचणीत अडकला. खाण्यापिण्यात कुणीतरी द्रव्य मिसळले, असे त्याचे म्हणणे होते. ‘नाडा’च्या समितीने ते मानले, पण जागतिक संस्थेने अपील केले. कुस्तीच्या आदल्या दिवशी क्रीडा लवादाने त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली. कुस्ती महासंघ त्याच्या पाठीशी होता, तरीही निकाल त्याच्या विरोधात गेला. ती बंदी भोगून २०२० मध्ये तो पुन्हा आखाड्यात उतरला.

या तिघांच्या मागे मंडळ होते, महासंघ होता, वकील होते. तालुक्याच्या खेळाडूमागे असतात आईबाप, वस्ताद आणि कॉलेजचे क्रीडा शिक्षक. म्हणून यांनी काय करायचे ते ठाऊक असायला हवे.

पहिले काम, ईमेल इंग्रजी समजणाऱ्या भरवशाच्या माणसाकडून शब्दन्‌शब्द वाचून घेणे आणि मुदतीच्या तारखा कागदावर मांडणे. ‘ब’ नमुन्याची तपासणी मागता येते. तो उघडताना खेळाडूला किंवा त्याच्या प्रतिनिधीला हजर राहता येते. प्रयोगशाळेची कागदपत्रे मागता येतात. सुनावणीत वकील आणि भाषा समजत नसेल तर दुभाषी घेता येतो. चाचणीच्या दिवशी भरलेल्या फॉर्मची प्रत शोधावी, घेतलेल्या औषधांची नोंद त्यात असते. डॉक्टरांची चिठ्ठी, दुकानाचे बिल, पावडरचा डबा, काहीही फेकू नये. पावडर भेसळीची होती असे म्हणायचे, तर ते सिद्ध करण्याचे ओझे खेळाडूवरच असते. त्याच बॅचचा सीलबंद डबा मिळाला तर तो फार मोलाचा.

दुसरे काम कागदावरचे नाही. बंदी म्हणजे फक्त स्पर्धा बंद, असे नसते. संघाबरोबर सराव करणे आणि क्लबची जागा वापरणेही बंद होते. ती परवानगी बंदीच्या शेवटच्या दोन महिन्यांत किंवा शेवटच्या चतुर्थांशात, यांपैकी जो काळ कमी असेल त्यात परत मिळते. ज्या मुलाचे सकाळ-संध्याकाळचे सारे आयुष्य हौद्याभोवती फिरते, त्याचे दोस्त, गुरू आणि दिनक्रम एकाच दिवशी हिरावले जातात. त्याला तालमीत येता येत नसेल, पण तालमीला त्याच्या घरी जाता येते. वस्तादांनी घरी जाऊन चहा घेतला, तर त्या भेटीला कोणताही नियम आड येत नाही.

मुलगा जेवत नसेल, झोपत नसेल, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला असेल, तर ‘होईल बरा’ म्हणून सोडू नये. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मिळते. सापडलेले द्रव्य गांजा किंवा कोकेनसारखे असेल, तर नियमही वेगळे आहेत. सेवन स्पर्धेबाहेर झाले आणि खेळातल्या कामगिरीशी त्याचा संबंध नव्हता हे सिद्ध झाले, तर बंदी तीन महिन्यांची असते. मान्यताप्राप्त उपचार पूर्ण केल्यास ती एका महिन्यावर येऊ शकते. म्हणजे कायद्यानेच इथे उपचाराचा रस्ता मोकळा ठेवला आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पुण्यात १९८६ पासून ‘मुक्तांगण’चे काम चालू आहे.

आधार देणे म्हणजे चुकीवर पांघरूण घालणे नव्हे. मुद्दाम सुई टोचून घेतली असेल तर खरे बोलायला लावणे, हाही आधारच. सुई कुणी दिली हे सांगून तपासाला भरीव मदत करणाऱ्याच्या शिक्षेचा काही भाग स्थगित करण्याची तरतूद नियमांत आहे. खरे बोलायला मात्र हिंमत लागते, आणि ती एकट्याला सहसा होत नाही. घरातले कुणी शेजारी बसलेले असेल तर होते.