यीस्ट आणि पोटरी

अमेरिकेत घरच्या घरी बिअर बनवायला १९७८ साली केंद्रीय कायद्याने मुभा मिळाली. तेव्हाचे तरुण हौशी आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांतले काही पहाटे बूट बांधून पळतातही. दोन छंदांचं भांडण संध्याकाळी सुरू होतं. मुळात मात्र ते एकाच घरातले.

चढावर धाप लागली की पोटरीतला स्नायू ग्लुकोज फोडून पायरुवेट करतो. यीस्टही तेच करतं, त्याच दहा पायऱ्यांनी. वाटा फुटतात त्या पुढे: स्नायूत लॅक्टेट तयार होतं, यीस्टमध्ये अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड. बिअरच्या भांड्यावरच्या एअरलॉकमधून बुडबुड बाहेर पडतो तो हाच वायू. घनता मोजणाऱ्या तरंगत्या हायड्रोमीटरचा आकडा १.०५० वरून १.०१० वर आला, की समजायचं, अल्कोहोल झालं सुमारे सव्वापाच टक्के. पोटरीत असा हायड्रोमीटर बुडवता आला असता तर!

अशा ३३० मिलिलिटर बिअरमध्ये १३-१४ ग्रॅम अल्कोहोल असतं. वयानुसार शरीरातलं पाणी घटतं, त्यामुळे तोच ग्लास साठीत जास्त चढतो. शिवाय लघवी वाढते, झोप तुटते, स्नायूंची डागडुजी मंदावते. म्हणून लांब पल्ला धावून आल्यावर आधी पाणी, मग जेवण; ग्लासाचं नंतर बघू.

२००९ च्या म्युनिक मॅरेथॉनच्या धावपटूंवर प्रयोग झाला, त्यात बिअर पिणाऱ्यांना सर्दी-पडसं कमी झालं. फक्त ती बिअर बिनअल्कोहोलची होती, आणि प्रयोगाला पैसा बिअर कंपनीचा होता.