चादरीवरचा पट
लेखमाला : लहान कादंबऱ्या – लेखांक 7

मागच्या लेखांकात आपण ऑर्वेलचे ‘ॲनिमल फार्म’ वाचले. आजची कादंबरी त्याहूनही लहान : स्टीफन झ्वाइगची ‘शाखनोव्हेले’. इंग्रजीत ती ‘द रॉयल गेम’ किंवा ‘चेस स्टोरी’ या नावांनी मिळते. बेलापूरहून सीएसएमटीला जाऊन परत येईपर्यंत वाचून होते. बुद्धिबळ येत नसले तरी काही अडत नाही.

झ्वाइग हा व्हिएन्नाचा ज्यू लेखक. 1933 मध्ये नाझींनी त्याची पुस्तके जाळली, 1934 मध्ये त्याने ऑस्ट्रिया सोडला आणि फिरत फिरत तो ब्राझीलमधल्या पेट्रोपोलिसला पोचला. तिथे ही कथा पुरी झाली. फेब्रुवारी 1942 मध्ये प्रती प्रकाशकांकडे टपालाने पाठवून लगेच त्याने आणि पत्नी लोटेने जीवन संपवले. पुस्तक छापून आलेले त्याने पाहिलेच नाही.

कथा घडते न्यूयॉर्कहून ब्युनॉस आयर्सला निघालेल्या जहाजावर. जगज्जेता चेंटोविच पैसे घेऊन प्रवाशांशी खेळतो आहे. डाव हातचा जाणार, तेवढ्यात मागे उभा असलेला एक अनोळखी गृहस्थ चाल सुचवतो आणि बरोबरी होते. हे डॉ. बी., व्हिएन्नाचे वकील. 1938 मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळल्यावर त्यांच्या गुप्त पोलिसांनी, गेस्टापोने, डॉ. बीं.ना हॉटेल मेट्रोपोलच्या एका खोलीत डांबले होते. मारहाण नाही, उपासमार नाही. पलंग, खुर्ची, हात धुण्याचे भांडे, बंद दार, गज लावलेली खिडकी. बाकी काही नाही. घड्याळ, कागद, पेन्सिल, बोलायला माणूस, काहीच नाही. मधूनमधून चौकशी.

चार महिन्यांनी चौकशीच्या दालनाबाहेर त्यांना उभे करून ठेवलेले असताना भिंतीवर टांगलेले लष्करी कोट दिसतात. डोळे इतके भुकेले आहेत की कोटावरचा पावसाचा थेंबही ते न्याहाळत राहतात. मग एका खिशाला आलेला चौकोनी फुगवटा दिसतो. पुस्तक! ते चोरून, कमरेच्या पट्ट्यात खुपसून ते खोलीत आणतात. उघडतात तर काय, कविता नाही, कादंबरी नाही. उस्तादांचे 150 डाव. आधी निराशा होते. मग चौकड्यांच्या चादरीची घडी घालून पट तयार होतो, पावाच्या तुकड्यांची मोहरी होतात, निम्मी धुळीने काळी केलेली.

इथवर पुस्तक तारणहार आहे. पण 150 डाव पाठ झाले की मन पुन्हा रिकामे. मग ते स्वतःविरुद्धच खेळू लागतात, पांढऱ्याकडूनही आपणच, काळ्याकडूनही आपणच, आणि त्यात मन दुभंगते. पुस्तकाला माणसाची सोबत लागते. उलट, 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, साने गुरुजी टिपून घेत. बोलणारा होता, ऐकणारे होते. डॉ. बीं.ना ऐकणारे कुणी नव्हते.

चेंटोविच म्हणजे हिटलर, असे सरळ समीकरण मला पटत नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो जहाजावर चेंटोविच आणि डॉ. बी. यांच्यात झालेला शेवटचा डाव. एका चालीला दहा मिनिटे ठरलेली आहेत. प्रतिस्पर्धी थांबू शकत नाही हे चेंटोविचने हेरले आहे. तो मुद्दाम प्रत्येक वेळी जवळजवळ सगळी दहा मिनिटे घेतो. खोलीत गेस्टापोने वापरलेले हत्यार तेच होते : रिकामा वेळ. डॉ. बी. पुन्हा कोसळू लागतात.

नवी मुंबईकराने ही कथा वाचावी, कारण तळोजा कारागृह आपल्याच हद्दीत आहे. तिथे त्या वेळी कैदेत असलेल्या पत्रकार गौतम नवलखा यांना पाठवलेले पी. जी. वुडहाउसचे विनोदी पुस्तक सुरक्षेचे कारण देऊन नाकारले, असे एप्रिल 2022 मध्ये त्यांच्या वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयाला सांगितले. न्यायालयाने त्या नकाराला हास्यास्पद म्हटले. मेट्रोपोलची खोली आणि तळोजा एक नव्हे. इथे निदान न्यायालयात दाद मागता आली. पण डॉ. बीं.ची ओळख झाल्यावर ती बातमी मला क्षुल्लक वाटेनाशी झाली. बंद दाराआड एक पुस्तक म्हणजे किती, ते त्या चादरीने दाखवले आहे.

वाचून झालेली पुस्तके रद्दीत घालण्याआधी जवळच्या कारागृहाच्या अधीक्षकांना एक पत्र लिहा आणि ती तिथल्या कैद्यांसाठी चालतील का, हे विचारा.