मळेकऱ्याच्या ताटांतील भाजी

खडकवासल्याचें धरण इ. स. १८७९ च्या सुमारास पुरें झालें, आणि मुठेच्या उजव्या कालव्याच्या पाण्यावर लोणी काळभोरचे मळे पिकूं लागले. आजही पहाटे येथून भाजीच्या गाड्या सोलापूर रस्त्यानें पुण्याच्या बाजाराकडे निघतात. परंतु त्याच वेळीं मळेकऱ्याच्या चुलीवर काय शिजत असतें? बहुधा पिठलें, नाहीं तर बटाटा!

हा दोष आम्हांस आमच्याच घरीं दिसला. महसुली कारकुनींत आम्हीं कोणत्या शेतांत मेथी किती, कांदा किती, याचे तक्ते वर्षानुवर्षें भरले. घरच्या ताटांत काय पडतें हें मात्र कधीं पाहिलें नाहीं. गेल्या वर्षीं सूनबाई गरोदर असतां दवाखान्यांत तिचें रक्त फार कमी भरलें. त्याच दिवशीं आमच्या मळ्यांतून पालकाच्या दोनशें जुड्या बाजारास गेल्या होत्या. घरीं एकही राहिली नव्हती. आम्हांस लाज वाटली. डॉक्टरांनीं दिलेल्या लोहाच्या गोळ्या तिनें नेमानें घेतल्या, कारण भाजी ही औषधाची जागा घेत नाहीं. पण त्या दिवसापासून आम्हीं नियम केला: पहिली जुडी घरांत, मगच माल गाडींत. पुढें बाळबाळंतीण सुखरूप राहिलीं.

प्रत्येकानें रोज निदान ४०० ग्रॅम फळें व भाज्या खाव्यात, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. बटाटा व रताळें त्यांत धरीत नाहींत. म्हणजे पांच माणसांच्या घरास दररोज दोन किलो लागतात. याकरितां एक गुंठा घरासाठीं राखावा. त्यांत पालेभाजी, टोमॅटो, गवार आळीपाळीनें लावावी. बांधावर शेवगा, पेरू, पपई व लिंबू असावें. औषध फवारल्यास सांगितलेले दिवस लोटल्यावांचून तोडणी करूं नये, मग माल घरचा असो वा बाजाराचा.

भाजी चिरण्यापूर्वीं धुवावी व शिजलेलें पाणी फेकूं नये. जेवतांना लिंबू पिळावें किंवा पेरू खावा, म्हणजे पालेभाजींतील लोह अंगीं लागतें. जेवणाबरोबर चहा घेतल्यास उलट होतें.

जवळच उरुळी कांचन येथें इ. स. १९४६ सालीं महात्मा गांधींनीं निसर्गोपचाराचें कार्य सुरू केलें. त्यांत योग्य आहारास मोठें स्थान होतें. वाचकहो, त्यांतील आहाराचा धडा गिरविण्यास आपणांस मळ्याबाहेर जावें लागत नाहीं. उद्यां गाडी भरण्यापूर्वीं घरची टोपली भरावी, इतकीच विनंती.