पिळाचा पट्टा

गावाकडच्या जुन्या गिरणीत शिरल्यावर मी आधी इंजिन आणि चक्की यांच्या मधल्या जमिनीकडे बघतो. तिथे बारीक काळी पूड साचलेली दिसली की समजावं, वर पट्टा स्वतःलाच खातो आहे.

इंजिन एका दिशेने फिरतं आणि चक्की उलटी फिरवायची असते. मग पट्टा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा चढवतात. हाच उलटा किंवा क्रॉस पट्टा. लाइन शाफ्टच्या जमान्यात लेथला उलटी चाल त्यानेच मिळे. वाफेच्या इंजिनावर मळणी चाले तेव्हा ठिणगी पेंढ्यात पडू नये म्हणून इंजिन लांब उभं करत, आणि तो लांबलचक पट्टा वाऱ्याने फडफडू नये म्हणून त्याला पीळ देत.

या पट्ट्याचा मोठा गुण म्हणजे पकड. तो दोन्ही पुल्यांना अर्ध्या वेढ्यापेक्षा जास्त कवळतो, म्हणून कमी ताणातही सहसा घसरत नाही. पण दोन खोडी आहेत. पहिली, फुलीच्या जागी दोन्ही पदर उभे होऊन एकमेकांना घासतात. दुसरी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही: पिळलेल्या पट्ट्याचे काठ मधल्या भागापेक्षा लांबची वाट चालतात, म्हणून जास्त ताणले जातात.

किती, ते मोजता येतं. 10 सेंटिमीटर रुंद पट्टा 1 मीटरच्या अंतरात अर्धा पीळ घेतो, तेव्हा काठांना मध्यापेक्षा सुमारे 1.2 टक्के जास्त लांबावं लागतं. अंतर 2 मीटर केलं की तोच आकडा 0.3 टक्क्यांवर येतो. दुप्पट अंतराला चौपट आराम! उलट्या पट्ट्यात दोन शाफ्टमधलं अंतर रुंदीच्या निदान वीसपट असावं आणि पट्ट्याचा वेग सेकंदाला 15 मीटरच्या आत ठेवावा, असं यंत्रशाळांत शिकवतात, ते याचसाठी.

आमच्या गिरणीवाल्या काकांचा पट्टा दर वेळी काठाकडूनच फाटायचा. सुरुवातीला त्यांनीही सगळे करतात तेच केलं: जाड पट्टा आणला, कचकचून ताणला. तो आणखी लवकर फाटला. जाड पट्टा पिळायला नाखूश असतो, आणि वरून दिलेला ताण आधीच ताणलेल्या काठांच्याच माथी बसतो. शेवटी त्यांनी इंजिनाचा पाया मागे नेला, पातळ लवचीक पट्टा घातला. जोडाचे लोखंडी हूक फुलीशी दर फेरीला समोरच्या पदराला ओरबाडत होते, म्हणून टोकं तिरपी तासून चिकटवून घेतली. त्यानंतर जमिनीवरची पूड जवळजवळ थांबली.

कमी ताणाचं हे शहाणपण जुनं आहे. अमेरिकेतल्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात फ्रेडरिक टेलर यांनी नऊ वर्षं पट्ट्यांच्या नोंदी ठेवल्या आणि 1893 मध्ये त्यांवर निबंध वाचला. पट्टा भरपूर ताकदीचा घ्या, पण कमी ताणावर चालवा. सुरुवातीला महाग वाटला तरी अखेरीस तोच स्वस्त पडतो, हे त्यांचं सांगणं.

पीळ मात्र नेहमी शत्रू नसतो. सरळ चालीचा पट्टा जोडताना एका टोकाला अर्धा पीळ दिला, तर त्याची आतली आणि बाहेरची बाजू एकच होते. 1858 मध्ये मोबियस आणि लिस्टिंग या जर्मन गणितज्ञांनी स्वतंत्रपणे अभ्यासलेली पट्टी ती हीच. असा पट्टा एका फेरीत एका बाजूने, दुसऱ्या फेरीत दुसऱ्या बाजूने पुलीवर बसतो. झीज दोन्ही बाजूंत वाटली जाते. गरम माल वाहणाऱ्या अशा कन्व्हेयरचं पेटंट गुडरिच कंपनीला 1957 मध्ये मिळालं. अर्थात, इथेही पिळाला लांबी लागतेच आणि दोन्ही बाजू सारख्या असलेला पट्टा लागतो. कातड्याची केसाकडची आणि मांसाकडची बाजू सारखी नसते, कॅनव्हास-रबराच्या असू शकतात.

पट्टा घसरला की राळ टाकायची, फाटू लागला की आवळायचा, ही सवय आपण मोडायला हवी. त्याआधी अंतर मोजावं, पुल्या एका ओळीत आहेत का बघावं, जोड चाचपावा. काका आजही इंजिन पूर्ण थांबल्यावर पट्ट्याच्या काठांवरून बोट फिरवतात. लुगडं पारखणारी बाई आधी काठ बघते, तसं.