'किडनी गेली' म्हणजे नेमकं काय?

आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर हे हमखास कानावर येतं : 'न्यूमोनिया म्हणून आणलं, आता म्हणतात किडनी गेली. इंजेक्शनांनीच घालवली असणार.'

हा संशय अगदीच निराधार नाही. अमिकासिन, कोलिस्टिन ही अँटिबायोटिक्स आणि डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं किडनीला इजा करू शकतात. पण अत्यवस्थ रुग्णांत सर्वांत मोठं कारण असतं सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्गाने अख्ख्या शरीरात माजलेला गोंधळ. हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त ढकलतं, त्यातलं लिटरभर दोन किडन्यांकडेच जातं. रक्तदाब कोसळला की पहिला फटका त्यांना बसतो. सेप्सिसमध्ये तर रक्तदाब बरा दिसत असतानाही आतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतला प्रवाह बिघडतो. आपल्याकडे पावसाळ्यात यात लेप्टोची भर पडते, शेतात घोणस चावल्याची पडते. मूळ दुखणं दुसरीकडेच असतं, म्हणून पहिला उपचारही त्याच्यावरच करावा लागतो.

'लघवी होतेय ना, मग किडनी ठीक' हाही भ्रमच. खाटेला लटकवलेल्या पिशवीतली लघवी नर्स तासातासाला मोजते, ती उगाच नाही. साठ किलोच्या माणसाला तासाला 30 मिलिलिटरहून कमी लघवी सलग सहा तास झाली, तर तीच किडनीच्या इजेची खूण. मात्र लघवी भरपूर असूनही इजा झालेली असू शकते. 48 तासांत रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने गाळून बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) 0.3 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरने वाढलं तरी डॉक्टर सावध होतात, मग आकडा 'नॉर्मल'मध्ये का असेना.

'सलाईन वाढवा, लघवी सुटेल' असा आग्रह धरू नका. शरीर कोरडं पडलेलं असेल तर सलाईन हवंच, पण गरजेपेक्षा जास्त झालं की पाणी फुफ्फुसात साठतं.

डायलिसिसची भीती सर्वांत मोठी : एकदा लागलं की जन्माचं लागलं! अशा अचानक झालेल्या इजेत ते बहुधा तात्पुरता आधार असतं, आणि बचावलेल्यांपैकी बहुतेकांचं पुढे सुटतं. ज्यांना मधुमेह किंवा किडनीचा जुना आजार आहे, त्यांना धोका अधिक, हे मात्र खरं.

रुग्णाला भरती करताना घरातल्या गोळ्यांची सगळी पाकिटं सोबत न्या, गुडघेदुखीची आणि काढ्याचीसुद्धा. घरी आल्यावर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवी पुन्हा तपासून घ्या, बरं वाटत असलं तरी.