भूल देणारंच कोणी नसेल, तर सर्जननं करायचं काय?

ग्रामीण रुग्णालयातलं पद रिकामं राहिलं, की ठरलेलं वाक्य कानावर येतं: 'डॉक्टरांना खेड्यात यायचंच नाही, त्यांना फक्त पैसा हवा.' हे बोलणं आता थांबायला हवं. त्यानं आजवर एकही पद भरलेलं नाही.

टंचाई खरी आहे. केंद्राच्या ग्रामीण आरोग्य सांख्यिकीनुसार मार्च २०२२ मध्ये देशातल्या ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत विशेषज्ञांची तूट ७९.५ टक्के होती, सर्जनची तर ८३.२ टक्के. पण एखादा तरुण सर्जन हौसेनं ३० खाटांच्या रुग्णालयात रुजू झाला आणि तिथे भूलतज्ज्ञच नसला, तर त्यानं काय करायचं? गळवं कापायची आणि बाकी सगळे रुग्ण जिल्ह्याला पाठवायचे? अडलेल्या बाळंतिणीचं सिझेरियन करायला स्त्रीरोगतज्ज्ञ, भूल देणारा, बाळ सांभाळणारा आणि रक्त, हे सगळं एकाच रात्री एकाच ठिकाणी लागतं. आपण मात्र एका तालुक्यात स्त्रीरोगतज्ज्ञ नेमतो, दुसऱ्यात भूलतज्ज्ञ, आणि दोघंही रिकामे बसतात. शिकलेलं विसरायला होतं म्हणून तो सर्जन निघून जातो, आणि गाव त्याला लोभी ठरवतं!

पगार महत्त्वाचा आहेच. विशेषज्ञानं आकडा सांगावा आणि सरकारनं द्यावा, अशी मुभा राष्ट्रीय आरोग्य अभियानानं राज्यांना दिली आहे. पण त्या पैशानं शेजारच्या खोलीत भूलतज्ज्ञ उभा राहत नाही. माणसं जोडीनं, चमूनं नेमावी लागतात. मिळत नसतील तर घडवावी लागतात: प्रसूतीतल्या आणीबाणीसाठी एमबीबीएस डॉक्टरांना भूल द्यायला शिकवणारं १८ आठवड्यांचं सरकारी प्रशिक्षण त्यासाठीच आखलं गेलं.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वंही नुसत्या पगारावर थांबत नाहीत. ग्रामीण भागातले विद्यार्थी घ्या, त्यांना मोठ्या शहरांबाहेर शिकवा, असं ती सांगतात. १९६९ साली सुरू झालेल्या सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयानं तर पदव्युत्तर प्रवेशासाठी आपल्या विद्यार्थ्यांना दोन वर्षांच्या ग्रामीण सेवेची अट घातली.

यावर आक्षेप येतात. 'लहान रुग्णालयात शिकलेला कच्चा असतो.' पण डीएनबी या रुग्णालयांत शिकून मिळणाऱ्या पदव्युत्तर पात्रतेची परीक्षा देशभर एकच असते, रुग्णालय कुठलंही असो. २०२० पासून १०० खाटांच्या रुग्णालयांतही दोन वर्षांच्या पदविका सुरू करता येतात. शिकवणाऱ्या डॉक्टरची मध्येच बदली झाली तर मात्र सगळं शिक्षण कोलमडतं; खरी काळजी त्याची करावी.

'बंधपत्र आहे ना!' महाराष्ट्रात एमबीबीएसनंतर बंधपत्रानुसार करायची सरकारी सेवा एका वर्षाची असते, आणि ती करणारा डॉक्टर सर्जन नसतो.

'जिल्हा निवासी कार्यक्रमातून फुकटची माणसं मिळतात.' नाही. एमडी, एमएसच्या विद्यार्थ्यांना जिल्हा रुग्णालयात काढावे लागणारे ते तीन महिने अभ्यासक्रमाचाच भाग आहेत. त्यांना शिकवायला तिथे विशेषज्ञ आधी हवा.